एका पौंडाला एक ग्रॅम

५ जानेवारी, सोमवार

वजन २७४ पौंड. यात बूट, पाकीट, किल्ल्या आणि लोइसने पाजलेली कॉफी धरलेली आहे. खरं वजन २७० समजावं.

आजपासून रोजनिशी. कारण उदात्त आहे. माझी धाकटी बहीण डार्लीन हिच्या दोन्ही किडन्या मिळून चौदा टक्के काम करतात. माझ्या दोन्ही ठणठणीत आहेत. रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं. नाहीतर तिला किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव घालून चार-पाच वर्षं वाट बघावी लागेल, आणि तोवर डायलिसिस. ख्रिसमसच्या जेवणात मी उभा राहून जाहीर केलं, माझी एक किडनी डार्लीनची. टाळ्या पडल्या. मावशी रडली. माझी बायको लोइस रडली नाही. तिने विचारलं, हे तिसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी सांगतोयस की नंतर?

अडचण एकच. माझ्या उंचीच्या माणसाचं वजन अडीचशेच्या वर असेल तर हॉस्पिटल किडनी काढत नाही. मुदत १५ मे. चोवीस पौंड, अठरा आठवडे. हातचा मळ.

८ जानेवारी, गुरुवार

हॉस्पिटलमध्ये गेलो. दात्यांचं सगळं बघणारी नर्स मेरीबेथ मला एकट्याला आत घेऊन गेली. म्हणाली, हे बघा मिस्टर स्ट्रोइक, तुमचं मन बदललं तर कधीही सांगा. आम्ही बहिणीला कारण सांगत नाही. दाता योग्य ठरला नाही, एवढंच कळवतो. कुणाला काही कळत नाही.

माझा अपमान झाला. तिला म्हटलं, बाई, आम्ही स्ट्रोइक आहोत, शब्द दिला की दिला. तिने ते कुठेतरी लिहून घेतलं. गाडीत बसल्यावर किल्ली दोनदा खाली पडली. हीटर दुरुस्त करून घेतला पाहिजे.

मग आहारतज्ज्ञ केल्सी. वय असेल पंचवीस. तिने वजन उतरवायला प्रोटीन सांगितलं. पावाच्या जागी अंडी, बटाट्याच्या जागी चिकन, बिअरच्या जागी पाणी. म्हणाली, प्रोटीनने पोट लवकर भरतं आणि बराच वेळ भरलेलं राहतं, शिवाय वजन उतरताना चरबी जाते, स्नायू टिकतात. दिवसाला एकशे वीस ग्रॅम पुरे. तिने ‘जागी’ हा शब्द निदान सहा वेळा वापरला. काही लोकांना अशी सवय असते.

मी लिहून घेतलं: अंडी, चिकन, प्रोटीन.

१२ जानेवारी, सोमवार

आमच्या चीज फॅक्टरीत पावडर वाळवायच्या ड्रायरवर रिक असतो. दंड माझ्या मांडीएवढे. त्याला विचारलं. ड्रायरच्या आवाजात अर्धंच ऐकू आलं, पण मुद्दा कळला: एका पौंडाला एक ग्रॅम. पुढे तो ‘हवंय तेवढं वजन’ असं काहीतरी ओरडत होता, तेवढ्यात शिट्टी झाली.

म्हणजे रोज २७४ ग्रॅम. केल्सीचे एकशे वीस कुठे! नवखी आहे बिचारी.

१४ जानेवारी, बुधवार

व्हे पावडरचा पाच पौंडांचा डबा आणला, चॉकलेटचा. दूध फाटून चीज गोळा झालं की जे पिवळट पाणी मागे राहतं तेच हे व्हे. आमच्याच ड्रायरमध्ये वाळतं आणि आमच्याच गेटबाहेरच्या दुकानात साठ डॉलरला मिळतं. दुधात ढवळून प्यालो. नुसत्या पाण्यात घ्या असं डब्यावर लिहिलंय, पण दुधातही प्रोटीन असतं हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

न्याहारी: चार अंडी, सॉसेज, टोस्ट, व्हे.
जेवण: नेहमीचं, अधिक अर्धी कोंबडी.
चार वाजता: प्रोटीन बार दोन. शेंगदाणे आणि कॅरमेलचा अप्रतिम लागतो. पथ्य इतकं चविष्ट असू शकतं हे लोकांना माहीत नाही.

२५ जानेवारी, रविवार

डार्लीनकडे जेवायला. नवरा सोडून गेल्यापासून ती एकटीच असते. तिचं पथ्य माझ्या अगदी उलट. किडन्यांवर ताण नको म्हणून प्रोटीन मोजकं. बशीत चिकनचा तुकडा पत्त्यांच्या जोडाएवढा. मी तिला समजावलं की तुझ्या किडन्यांना तेवढाही त्रास कशाला. तो तुकडा मीच खाल्ला. तिला माझा पाव दिला. कामाची अशी वाटणी झाली की कुटुंब टिकतं.

डार्लीन बघत राहिली. म्हणाली, लायल, अरे आठवड्याभराचं चिकन होतं ते माझं.

औषधांनी चिडचिड होते म्हणतात.

२ फेब्रुवारी, सोमवार

२७८. घाबरण्याचं कारण नाही. स्नायू चरबीपेक्षा जड असतो, हे रिकनेच सांगितलंय. माझ्यात चार पौंड निव्वळ स्नायू आलेला आहे. कुठे ते अजून दिसत नाही.

वजन वाढल्यामुळे प्रोटीनही वाढवावं लागलं. आता २७८ ग्रॅम. लोइसने विचारलं, उद्या तीनशे झालास तर तीनशे खाशील का? म्हटलं, अर्थात, नियम म्हणजे नियम. ती शाळेत साडेचारशे पोरांचं जेवण रांधते, पण गणित कच्चं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचं चाळीस दिवसांचं व्रत, सुरू झालं. शुक्रवारी मटण-चिकन बंद. व्रताचं आणि पथ्याचं असं एकत्र जमून येणं हा मी शुभशकुन मानतो. चर्चच्या तळघरात फिश फ्रायची पंगत. मासा म्हणजे शुद्ध प्रोटीन. वरचं आवरण मैद्याचं आणि बिअरचं असतं, पण ते माशाचं रक्षण करतं. सहा तुकडे. बटाट्याचे काप सोबत आलेच, ते टाकले तर स्वयंपाक करणाऱ्या बायकांना वाईट वाटतं. चीजचे तळलेले खडे दोन प्लेट, कारण शेवटी मी चीजवर जगणारा माणूस आहे.

केल्सीच्या यादीत मासे आहेत. बघून खात्री केली.

९ मार्च, सोमवार

२८३. घरच्या ड्रायरमध्ये पँटी आटतात. लोइसला सांगितलं की मशीन बदलू या. ती म्हणाली, शर्ट आटत नाहीत, मोजे आटत नाहीत, टॉवेल आटत नाहीत, फक्त तुझ्या पँटीच आटतात, तीही कमरेतच. काय मशीन आहे!

आटतात हे तिने मान्य केलं.

आज चालायला जायचं होतं. प्रोटीनमुळे पोट इतका वेळ भरलेलं राहतं की चालवत नाही.

१८ मार्च, बुधवार

मेरीबेथने शस्त्रक्रियेचा व्हिडिओ पाठवला. तीन छोटी छिद्रं आणि बेंबीखाली एक चीर, त्यातून हात घालून किडनी बाहेर काढतात. मिनिटभर बघितला. मग एकाएकी भूक लागली. फ्रीजमध्ये ब्राटवुर्स्टची सहा सॉसेजं होती. ती संपल्यावर हरणाच्या मांसाचं सलामी सापडलं. शेजाऱ्याच्या शिकारीचं आहे, अर्धं डुकराच्या चरबीचं, पण हरीण धावणारा प्राणी आहे.

व्हिडिओ नंतर बघीन. कामाचं ओझं फार आहे.

५ एप्रिल, ईस्टर रविवार

सगळे आमच्याकडे. डार्लीनचे पाय सुजलेले, चेहरा पिठूळ. म्हणाली, तोंडात सारखी नाण्याची चव येते. तिच्या ताटात हॅमची चकती कुणीतरी वाढली होती. मी ती तत्परतेने उचलली.

मग सगळ्यांना माझा कार्यक्रम समजावून सांगितला, व्हेचा डबाही दाखवला. डार्लीन डबा हातात घेऊन वाचत बसली. म्हणाली, लायल, बाबा आठवतात ना, चीजवाल्यांकडून पिंपं भरभरून हेच पाणी आणायचे. कुणासाठी आणायचे? मी म्हटलं, डुकरांसाठी. ती म्हणाली, आणि डुकरांना कशासाठी पाजायचे? मी आणखी बटाटे वाढून घेतले. ती म्हणाली, दोनशे ऐंशी पौंडांवर गेलं की बाबा खाटकाला फोन करायचे. तू त्याच्याही पुढे गेलास आणि तुला कापायला कुणी तयार होईना.

अख्खं टेबल हसलं. मावशीला तर ठसका लागला. मीही हसलो. आजारी माणसाच्या बोलण्याचं मनावर घ्यायचं नसतं.

जाताना दारात तिने माझी बाही धरली. हळूच म्हणाली, खरं सांग, भीती वाटते का तुला? वाटत असेल तर सांग, मी रागावणार नाही. मला फक्त कळू दे, म्हणजे मी दुसरं काहीतरी बघेन. वेळ घालवू नकोस माझा.

म्हटलं, वेडी आहेस का! स्ट्रोइकने शब्द दिलाय.

ती रडली. कृतज्ञतेने असणार.

२९ एप्रिल, बुधवार

२८८. आता शास्त्र बाजूला ठेवून धडाडीने कामाला लागायचं. सोळा दिवस, अडतीस पौंड. योजना: उद्यापासून फक्त व्हे. रोज दोन तास चालणे. वजनाच्या दिवशी केस बारीक कापणे.

३० एप्रिल, गुरुवार

फॅक्टरीत रिकचा वाढदिवस. त्याला वाईट वाटू नये म्हणून.

१५ मे, शुक्रवार

२९१.

मेरीबेथने आकडा लिहिला. केल्सीने मात्र माझी वही मागितली. पानं उलटताना तिच्या भुवया वर वर जात होत्या. म्हणाली, दिवसाला दोनशे एक्याण्णव ग्रॅम? मिस्टर स्ट्रोइक, हे कुठून आणलंत? मी रिकचा नियम सांगितला. ती म्हणाली, अहो, ते धरायचंच तर जेवढं वजन व्हायला हवंय त्यावर धरतात, असलेल्यावर नाही. आणि तुम्ही हे सगळं जेवणाच्या जागी नाही, जेवणाच्या वर खाल्लंत. मी ‘जागी’ म्हटलं होतं, जागी!

आपली चूक लपवायला माणूस शब्दांचा कीस पाडतो.

मेरीबेथ म्हणाली, फाईल तूर्त बंद. अडीचशेच्या आत आलात की कधीही फोन करा, दुसऱ्या दिवशी उघडू. मी मान खाली घातली. अतिशय दुःख झालं. घरी येऊन दहा तास गाढ झोपलो. इतकी झोप ख्रिसमसनंतर पहिल्यांदाच लागली. दुःखाने माणूस थकतो.

संध्याकाळी डार्लीनचा फोन. मीच रडलो. तीच माझी समजूत काढत होती, जाऊ दे रे लायल, प्रयत्न केलास ना.

केलाच.

१५ जून, सोमवार

डार्लीनचं डायलिसिस सुरू. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहा ते दहा. नंतर तिला गाडी चालवता येत नाही. कोण नेणार याची चर्चाच झाली नाही. लोइसने माझ्यासमोर टेबलावर गाडीच्या किल्ल्या आपटल्या. म्हणाली, किडनी नाही तर नाही, पेट्रोल तरी दे.

माझी पाळी दुपारी दोनची असते, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती.

तिथेही केल्सीच. मला बघून दचकली. डार्लीनला म्हणाली, आता उलटं, आता प्रोटीन भरपूर खायचं, डायलिसिसमध्ये ते वाहून जातं. दर जेवणात अंडी, चिकन, मासे, थोडा भात. मी डार्लीनला म्हटलं, बघ, मी जानेवारीपासून काय सांगतोय! तिने डोळे मिटून घेतले.

वजनकाटा तळघरात ठेवला. आता त्याचं काम नाही. व्हेचा उरलेला डबा रिकला दिला.

८ जुलै, बुधवार

डायलिसिसहून आल्यावर डार्लीनला एकटीला घास उतरत नाही. म्हणाली, समोर बसून खा माझ्याबरोबर, नाहीतर मी ताट सारते. म्हणून रोज तिच्याइतकंच खातो. दोन अंडी, चिकनचा तुकडा, मूठभर भात. चव नाही, मीठ नाही. बहिणीसाठी माणूस काय काय सोसतो.

गंमत म्हणजे दोन वाजता फॅक्टरीत पोचलो की भूकच नसते. खाऊच्या मशीनसमोर उभा राहिलो आणि काही न घेता परत आलो. आजारी तर नाही ना मी?

२१ ऑगस्ट, शुक्रवार

लोइसने मशीन नीट लावलेलं दिसतं. पँटी सैल होऊ लागल्यात.

आज डार्लीनला मळमळत होतं. वाटेत दोनदा गाडी थांबवली. तिचं कपाळ धरलं. लहानपणी चीजवाल्यांच्या ट्रकमध्ये तिला गाडी लागायची तेव्हा धरायचो तसंच. ती म्हणाली, तू बरा आहेस रे. दिवसभर बरं वाटत होतं.

१४ ऑक्टोबर, बुधवार

पट्ट्याला लोइसने खिळ्याने दोन नवी भोकं पाडून दिली. पट्ट्यांचं चामडं हल्ली ताणतं.

रिकने विचारलं, काय रे, किती उतरवलंस? म्हटलं, काही नाही, ताण आहे. तो म्हणाला, तसला ताण आम्हालाही दे.

१८ नोव्हेंबर, बुधवार

आज एक चमत्कारिक प्रकार घडला.

डायलिसिसच्या आधी आणि नंतर पेशंटचं वजन करतात, दारातच मोठा काटा आहे. डार्लीन चढली आणि तिथल्या मुलीने विचारायच्या आत तिनेच सांगितलं, बासष्ट पॉइंट तीन, साठला आणायचं, म्हणजे दोन किलो तीनशे पाणी काढ. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तू पण चढ की, गंमत. मी नको म्हटलं. ती मुलगी म्हणाली, चढा हो अंकल, लाजताय काय. दोघी मागे लागल्या. चढलो.

आकडा आला ११३.

मुलगी म्हणाली, हा काटा किलोचा आहे. डार्लीन आकड्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत. विचारलं, पौंडात किती रे होतात लायल?

म्हटलं, दोनशे ऐंशीच्या आसपास.

ती म्हणाली, बरं.

मग चार तास डोळे मिटून पडून होती. घरी परततानाही झोपलेलीच. आज जेवायला थांब म्हणाली नाही.

घरी आल्यावर कागद घेतला. तीनदा गुणाकार केला. २४९.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

मेरीबेथचा नंबर काढून टेबलावर ठेवला. मग खिशात ठेवला. मग ड्रॉवरमध्ये.

सगळ्या बाजूंनी विचार केला. हे वजन खरं नाही. ते व्यवस्थित शास्त्राने उतरवलेलं नाही, ताणाने गेलेलं आहे, अशा शरीरातली किडनी डार्लीनला देणं म्हणजे तिची फसवणूक. शिवाय ती आता डायलिसिसला छान रुळली आहे. शिवाय सुट्ट्यांचे दिवस, हॉस्पिटलमध्ये गर्दी.

मला भीती वाटते. पोटावर चीर देणार त्याची. जानेवारीपासून वाटते आहे. लिहिलं एकदाचं. इथे कोण वाचणार आहे!

नशीब एवढंच की काटा किलोचा होता. आपल्याकडे किलोचे पौंड करायला कुणाला जमतं. डार्लीनला तर शाळेत पाढेसुद्धा यायचे नाहीत.

उद्यापासून माझा जुना जाड कोट घालायचा. आणि नीट जेवायला लागायचं. सॉसेज, पाव, बिअर, सगळं. थँक्सगिव्हिंगची मेजवानीही आलीच आहे. पंधरा पौंड सहज चढतील.

२० नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ५.१०

निघणार तेवढ्यात डार्लीनचा मेसेज आला. आजपासून काउंटीची सरकारी व्हॅन न्यायला येणार आहे, दर वेळी येईल, तू येऊ नकोस. थँक्सगिव्हिंगलाही मी येणार नाही, लोइसला सांग. खाली आणखी एक ओळ: ख्रिसमसला निदान खोटं तरी बोलायचं नव्हतंस.

कशाबद्दल म्हणते आहे ते कळलं नाही. पहाटे उठून उठून माझी झोप होत नाही हे तिच्या लक्षात आलं असावं, म्हणून व्हॅन. आजारपणात माणूस लिहितो एक, म्हणायचं असतं दुसरंच.

लोइसला मेसेज दाखवला. तिने वाचला, फोन परत दिला आणि शाळेत गेली.

दोघांसाठी चार अंडी उकडली होती. चारही मीच खाल्ली.